चिंचेच्या पाण्यातला हत्ती

माझ्या हातून एक नाणे खराब झाले आणि त्याचा दोष मी एका बाईवर जाऊ दिला. ‘जाऊ दिला’ हे शब्दही मी माझ्या सोयीने निवडले आहेत, हे लिहिताना ध्यानात येते आहे. मी तो ढकलला. एका वाक्याने ढकलला, आणि ते वाक्य इतके साधे, शेजाऱ्याच्या चौकशीसारखे होते की ऐकणाऱ्या दोघांनाही त्यात खोटे दिसले नाही. त्यानंतर चौदा वर्षे मी गप्प राहिलो. मी मुळातच हळू बोलणारा माणूस. गप्प राहणे मला कधी जड गेले नाही, आणि लोकांनी त्याला माझा चांगुलपणा मानले.

ती नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षे होती. आमचे घर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावला. पण मी जुन्नरच्या बाजारपेठेत जिन्याखालची एक खोली घेऊन फोटो स्टुडिओ टाकला होता. पुढे कॅमेरा आणि दोन दिवे, पडद्यामागे डार्करूम, आणि त्याच्याही मागे स्टोव्ह, ताट, तांब्या आणि माझी वळकटी. धंदा चेहऱ्यांचा. शाळेचे दाखले, बँकेची पुस्तके, डिंभ्याच्या धरणात घरे गेलेल्यांचे अर्ज, या सगळ्यांना एकाच मापाचा चेहरा लागे. त्याची एकच रीत मला ठाऊक होती: मागे पांढरे, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड, नाकाची सावली गालावर पडता कामा नये. अशा फोटोत माणूस ओळखू येतो. त्याने काय सोसले आहे, ते मात्र दिसत नाही.

पेठेत कापडाचे दुकान असलेले एक शेठ होते. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठांची मराठी माझ्यापेक्षा जुन्नरी. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता. जुन्नरला हा नाद लागायला फार लांब जावे लागत नाही. नाणेघाटाची वाट इथूनच कोकणात उतरते, आणि पावसाने बांध फुटला की रानात काही ना काही वर येते. शेठांकडे कापडाला येणाऱ्या मढच्या बाजूच्या एका शेतकऱ्याला विहीर खोदताना असेच एक तांब्याचे नाणे सापडले होते. त्यावर हत्ती होता. घरातल्या म्हातारीने ठरवले की ओझरचा विघ्नहर आपण होऊन घरी आला. तेव्हापासून ते नाणे देवघरात, सुपारीच्या गणपतीशेजारी, रोज हळदकुंकू घेत बसले होते.

शेठ ते मुद्दाम जाऊन पाहून आले. हत्तीभोवती अक्षरांची कड जवळजवळ पूर्ण होती, आणि अशी पूर्ण कड त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. पुण्याच्या एका जाणकाराकडून ती वाचून घ्यायची, तर आधी फोटो हवा होता. घरच्यांनी बरेच आढेवेढे घेऊन होकार दिला, पण एका अटीवर: सर्वपित्री अमावस्येला नाणे घरी परत आले पाहिजे. दुसऱ्या दिवशी घट बसणार, देव पानांवर बसणार. एकदा बसले की नऊ दिवस ते हलत नाहीत.

अमावस्येच्या दोन दिवस आधी तो शेतकरी स्टुडिओत आला. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठा, मोकळा माणूस. खिशात हात घालण्याआधी त्याने विचारले,

“भाऊ, हात धुतलं का?”

मी धुऊन आलो. त्याने लाल कापडाची छोटी पिशवी माझ्या तळव्यावर ठेवली. तोंडाला दोऱ्याची घट्ट गाठ होती.

“आमच्या मंडळींनी सकाळी पूजा करून बांधलाय. म्या काय उघडला न्हाई. देव वाटंत उघडा करायचा नसतो.”

“परवा सकाळी शेठांच्या दुकानात आणून देतो,” मी म्हणालो.

“नक्की का? न्हाईतर तुमी फोटोवालं. लग्नाचा अल्बम मागितला तर बारशाला देता.” तो स्वतःच हसला. मग दारात थांबून, तितक्याच हसऱ्या तोंडाने म्हणाला, “म्हातारी म्हणती, हत्ती घराभाईर राह्यला की घरातलं कायतरी भाईर जातं. तवा परवा. बरं का.”

मीही हसलो. ते वाक्य पुढे मला किती वेळा ऐकू येणार आहे, हे कळायला काही मार्ग नव्हता.

पिशवी सोडली. नाणे रुपयाएवढे, पण जाड. शेवाळलेल्या विहिरीच्या पायरीसारखे हिरवट काळे. मधे सोंड उचललेला हत्ती, भोवती बारीक अक्षरे. सोंडेच्या वळणात हळदीचा एक कण अडकला होता. डोळ्याला हे सगळे दिसत होते. कॅमेऱ्याला दिसेना.

मी फोटो मोठे करायच्या एन्लार्जरचे डोके उतरवून त्याच्या खांबाला कॅमेरा खाली तोंड करून बांधला. जवळचे टिपता यावे म्हणून लेन्सच्या मागे दोन रिंगा घातल्या. खाली पांढरा ड्रॉइंग पेपर, त्यावर नाणे, आणि दोन्ही बाजूंना माझे पासपोर्टचे दिवे. लेन्स एफ आठवर. माझ्या जुन्या कॅमेऱ्याचे सावकाश चालणारे शटर अडकत असे, म्हणून ते ‘बी’वर, म्हणजे बटण दाबलेले असेतो उघडे, ठेवून, लांब तारेचे बटण अंगठ्याने दाबून, उजेड मोजणारा मीटर सांगेल तितके मी तोंडाने मोजत होतो. दहा फ्रेमा काढल्या. अकरावीच्या वेळी डावा दिवा फट्‌कन फुटला. मी दचकलो, अंगठा बटणावरच राहिला, आणि काचा कुठे उडाल्या ते पाहीपर्यंत शटर उघडेच होते. तारेला ढील होती म्हणून कॅमेरा हलला नाही, एवढेच.

फिल्म तासाभरात धुतली. पहिल्या दोनतीन फ्रेमा कागदावर उतरवल्या, तर पांढऱ्या कागदाला पडलेल्या काळ्या भोकासारखे नाणे. अकरावी फ्रेम तर ओल्या फिल्मवरच काजळीसारखी काळीकुट्ट दिसत होती. जळाली म्हणून मी तिच्याकडे पुन्हा पाहिलेही नाही. नवा दिवा आणून दोन्ही दिवे जवळ घेतले, तर मीटरने तितकाच वेळ कमी करायला सांगितले. भोक ते भोकच राहिले.

चूक कुठे होती, हे आज मला कोणी झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. मीटर नाणे पाहत नव्हता, भोवतीचा पांढरा कागद पाहत होता, आणि त्या पांढरेपणाला भिऊन उजेड कमी करायला सांगत होता. आणि दोन बाजूंचे दोन दिवे एकमेकांच्या सावल्या खात होते. सावलीवाचून अक्षर उभे राहत नाही. एक दिवा विझवायचा होता आणि शटर जास्त वेळ उघडे ठेवायचे होते. एवढेच. परंतु त्या दुपारी माझ्या अज्ञानाला एकच अर्थ सुचला. उजेड बरोबर आहे, कॅमेरा बरोबर आहे. म्हणजे नाणेच मळलेले आहे.

आमच्या घरात तांब्याचा काळेपणा म्हणजे मळ, आणि मळावर औषध चिंच. माझी आई दर आठवड्याला चिंच-मीठ लावून तांब्या असा लखलखीत करी की त्यात तोंड दिसावे. माझा स्टुडिओतला तांब्याही तसाच होता. समोर कोनाड्यात चमकत होता. मी डब्यातली चिंच वाटीत कोळली, मीठ घातले आणि नाणे त्यात सोडले.

पाणी आधी हिरवे झाले, मग काळपट. मी बोटाने हलकेच चोळले. बोटाखाली काहीतरी भुसभुशीत निघाल्यासारखे वाटले, तेव्हाच थांबायला हवे होते. मी थांबलो नाही, कारण खालून लालसर चमक येऊ लागली होती, आणि चमक आली की काम बरोबर चालले आहे अशी माझी समजूत होती. पाणी ओतून पाहिले. नाणे खपली काढलेल्या जखमेसारखे गुलाबी झाले होते. हत्तीची पाठ होती, पाय होते. सोंड नव्हती. आणि भोवती अक्षरे नव्हती, नुसते बारीक खड्डे होते. जमिनीत इतकी शतके पडून धातूचा वरचा थर कधीच सडला होता. अक्षरे उरली होती ती त्या हिरव्या सालीत. ती साल मी मोरीत ओतली होती.

मी मोरीपाशी बसून राहिलो. वाटीच्या तळाला थोडा गाळ होता. तो बोटाने गोळा करावा असे वाटले. इतका मी वेडा झालो होतो. मग उठलो आणि, हे सांगताना मला सर्वांत जास्त लाज वाटते, फोटो काढले. चकचकीत नाण्याचे फोटो पहिल्या झटक्यात उत्तम आले. संध्याकाळी नाणे पुसून पिशवीत घातले, आणि गाठ जशी होती तशीच, तितक्याच वेढ्यांची मारली. म्हणजे खोटे बोलायचे, हे माझ्या हातांनी माझ्या आधी ठरवले होते.

अमावस्येच्या सकाळी शेठांच्या दुकानात आम्ही तिघे होतो. शेठांनी गादीवर पांढरे फडके अंथरले, पिशवी सोडली आणि नाणे तळहातावर घेतले. ते उलटून पाहिले, उजेडाकडे धरले. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिले.

“हे कोणी धुतलं?”

“असंच आलं होतं,” मी म्हणालो.

शेतकरी पुढे वाकला. “आवं, हे... हे आमचं न्हाई. आमचा हत्ती काळा व्हता. सोंड कुठंय?”

दुकानात दुसरे गिऱ्हाईक नव्हते. मला पळून जाता आले असते, खरे सांगता आले असते, किंवा निदान गप्प राहता आले असते. मी यातले काहीच केले नाही. मी हळू आवाजात, अगदी काळजीने विचारले,

“घरी दसरा काढला असेल ना? देव घासले असतील चिंचेनं?”

घट बसण्याआधी घरातले पांघरूण न् पांघरूण आणि भांडे न् भांडे धुऊन काढायचे, याला आमच्याकडे दसरा काढणे म्हणतात. त्या आठवड्यात तालुक्यात असे एक घर नव्हते जिथे तांबे घासले गेले नव्हते. मला हे ठाऊक होते. म्हणूनच विचारले.

शेतकऱ्याचा चेहरा हळूहळू बदलला. “घासलं व्हतं की,” तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. “आमची मंडळी ताम्हण, पळी, समया... समदं अंगणात घिऊन बसली व्हती.” त्याने पिशवी उचलून दोरा पाहिला. “गाठ तर तिनंच मारलेली.”

शेठांनी माझे फोटो हातात घेतले. “फोटो छान आलाय,” एवढेच म्हणाले, आणि ते पुन्हा पाकिटात घालून माझ्याकडे सरकवले. शेतकरी नाणे घेऊन मढच्या गाडीने गेला. त्या दिवशी पेठेत सगळीकडे पितरांच्या पानाचा, तळणीचा वास होता. मला दिवसभर फक्त चिंचेचा येत राहिला.

दसरा झाल्यावर तो बाजाराला आला तेव्हा माझ्याकडे डोकावला. काही संशय नव्हता. उलट मी त्याच्या दुःखाचा साक्षीदार, म्हणून मन मोकळे करायला आला होता. त्याच्या बायकोने सासूसमोर समईवर हात ठेवून शपथ घेतली होती, की पाणी आणि हळदकुंकवाबिगर देवाला काही लावले नाही. शपथेला आठ दिवस झाले नाहीत तोच भाताच्या खाचरात बैलाला पान लागले, साप डसला, आणि बैल गेला.

“म्हातारी म्हणती, खोटी शपथ. देवानं दाखवलं.” तो खाली पाहत म्हणाला. “आता देवघरात तिनं पाय ठेवायचा न्हाई. घटाला माळ न्हाई, काय न्हाई. म्हातारी समदं स्वतःच करती. म्या तरी काय बोलनार, भाऊ?”

“होईल सगळं नीट,” मी म्हणालो. हे माझे आणखी एक खोटे. नीट होण्याची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात होती: ती पहिली फिल्म. नाणे माझ्याकडे काळेच आले होते, हे त्या दहा काळ्या भोकांनी कोणालाही दाखवले असते. ती मी जाळली नाही याचे श्रेय मी घेत नाही. निगेटिव्ह फेकायची नाही, हा धंद्याचा नियम. तो मी सवयीने पाळला, आणि पाकिटावर काहीही न लिहिता ते खणाच्या तळाशी सारले.

पाचसहा वर्षांनी त्या घरी धाकट्या भावाचे लग्न निघाले, आणि फोटो काढायला शेतकऱ्याने मलाच बोलावले. मी नाही म्हणू शकलो नाही. नाही म्हणायला कारण द्यावे लागले असते. देवघरासमोर हळदीची गर्दी होती. घरातल्या सगळ्या बाया आत-बाहेर करत होत्या. एकटी त्याची बायको उंबऱ्याबाहेर उभी राहून ताट, नारळ, पाट आत देत होती. कोणी तिला अडवत नव्हते. तिची ती जागाच ठरून गेली होती. धुतलेल्या फोटोंत ती प्रत्येक वेळी चौकटीच्या कडेला आली आहे, अर्धी दारात, हातात काहीतरी पुढे केलेले.

जेवणानंतर मी कॅमेरा आवरत असताना ती पाण्याचा तांब्या घेऊन आली. मान खालीच होती.

“भाऊ, एक इचारू का? तुमी पिशवी सोडली तवा हत्ती कसा व्हता हो?”

तिने आरोप केला नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. इतकी वर्षे सगळ्यांनी सांगून सांगून तिचा स्वतःच्या हातांवरचाही विश्वास उडाला असावा, असे मला तेव्हा वाटून गेले.

“बरीच वर्षं झाली, वहिनी,” मी म्हणालो. “आता नक्की आठवत नाही.”

“आटवंल कवातरी,” ती म्हणाली, आणि रिकामा तांब्या घेऊन गेली.

नाणे धुतले त्या दिवसापासून मला अचानक झालेला कोणताही आवाज सोसत नसे. स्टुडिओत दिवा फुटला की मी भिंतीला हात टेकून उभा राही. दर वर्षी भाद्रपद संपत आला, बांधांवर धुतलेल्या गोधड्या दिसू लागल्या, की मी मढच्या बाजूची कामे टाळत असे.

आणि नेमकी याच वर्षांत माझी ओळख नाण्यांचा फोटोवाला अशी झाली. शेठ स्वतःहून नाणी घेऊन येऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा एक दिवा हाताने विझवला.

“पहाटे नांगरलेलं रान बघितलंयस?” ते म्हणाले. “दुपारी सपाट दिसतं. सूर्य उगवताना ढेकूळ न् ढेकूळ उभं राहतं. रान तेच असतं, उजेड आडवा असतो. नाण्याला कधी हात लावायचा नाही. हलवायचा तो दिवा.”

मी मान हलवली. ते आणखी म्हणाले, “ते हत्तीचं नाणं ज्या बाईनं धुतलं ना, तिला एकदा विचारायचंय मला. का धुतलंस गं बाई? तुला कोणती घाई होती?”

मी दिवा हलवत राहिलो.

दोन हजारनंतर आळेफाट्याच्या एका दुकानातून मी डिजिटल कॅमेरा आणला, तोवर माझी रीत पक्की झाली होती. खाली करडा कागद, म्हणजे मीटर फसत नाही. एकच दिवा, घड्याळात दहा वाजतात त्या जागी, नाण्यापासून वीतभरच उंच. समोर पोस्टकार्डाएवढा पांढरा तुकडा, सावलीत थोडा उजेड परतवायला. एफ अकरा, आयएसओ शंभर, फोकस नाण्याच्या सर्वांत उंच भागावर, आणि बटणाला हात न लावता टायमर. बाहेरून एसटी गेली तर तिची थरथर विरेपर्यंत थांबायचे. गुळगुळीत झालेले चांदीचे नाणे असेल तर नाण्यावर काच तिरपी धरून उजेड वरून सरळ उतरवायचा. नगर-नाशिकहून लोक नाणी घेऊन येत आणि म्हणत, तुमच्या हाताखाली मुकी अक्षरे बोलतात. मी मान खाली घालत असे. त्यांना तो विनय वाटे. प्रत्येक नाणे चिमटीत धरताना मला त्याच्या सालीखालचा गुलाबी रंग दिसत असे.

मग डार्करूमचे काम संपले. एका श्रावणात मी ती मोडायला काढली. खण रिकामे करताना तळाचे ते कोरे पाकीट हाती आले. फिल्म खिडकीशी धरली. दहा पारदर्शक गोल, आणि अकरावी ती काजळी. चौदा वर्षांपूर्वी मी तिला जळालेली म्हटले होते. आता माझा डोळा शिकलेला होता, आणि एका क्षणात मला कळले की जळाला आहे तो फक्त भोवतीचा कागद. एक दिवा फुटून दुसऱ्याचाच उजेड एका बाजूने पडला होता. माझा अंगठा भीतीने बटणावर राहिल्याने शटर मीटरपेक्षा कितीतरी जास्त वेळ उघडे राहिले होते. जे मला करता येत नव्हते, ते अपघाताने झाले होते. मी नाणे चिंचेत टाकण्यापूर्वीच हवा असलेला फोटो माझ्याकडे होता.

एन्लार्जर अजून गेला नव्हता. निगेटिव्ह इतकी दाट की मी जवळजवळ मिनिटभर उजेड दिला आणि कागद डेव्हलपरमध्ये सोडला. लाल दिव्याखाली आधी पाठ आली. मग पाय. मग सोंड, उचललेली. मग एकेक अक्षर कडेने उभे राहू लागले, चिंचेच्या पाण्यात विरले होते त्याच सावकाशीने. सोंडेच्या वळणात एक बारीक फिकट ठिपका होता. हळदीचा कण.

मी तो कागद चित्र पक्के करणाऱ्या फिक्सरमध्ये टाकायला विसरेन की काय, अशी भीती वाटली. खरी भीती दुसरी होती. हा फोटो कोणाला दाखवायचा, तर तो कधीचा ते सांगावे लागणार होते. अक्षरे मिळाली होती. आणि तिचे निर्दोषपण त्याच कागदावर होते. एक लपवून दुसरे देता येणार नव्हते.

महिनाभर मी तो वहीत ठेवून फिरलो. शेवटी शेठांकडे गेलो. शेठ थकले होते. मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन गादीवर बसून होते. भिंग लावून त्यांनी फोटो खिडकीकडे फिरवला.

“रञो,” त्यांनी पहिली दोन अक्षरे वाचली. “राजाचं.” पुढे वाचले नाही. “हे ते मढचं नाणं. निगेटिव्ह कधीची?”

“तेव्हाचीच. धुण्याआधीची.”

“कोणी धुण्याआधीची?”

“मी.”

शेठांनी भिंग खाली ठेवले. ते ओरडतील असे वाटले होते. ते माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिले की त्यांनी हे कधीच ओळखले होते, की आत्ता कळत होते, ते मला आजही सांगता येत नाही.

“मग मला कशाला सांगतोस?” ते म्हणाले. “मी काय त्या उंबऱ्याबाहेर उभा होतो?”

दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. मी मढच्या गाडीत बसलो. उतरल्यावर घरापर्यंतच्या वाटेवर दोन्ही बांधांना गोधड्या वाळत होत्या. अंगणात ती ताम्हण आणि समया घासत बसली होती, समोर चिंचेची वाटी. घासलेले एकेक भांडे ती उंबऱ्यावर ठेवी आणि आतून म्हातारीचा हात येऊन ते उचलून नेई. शेतकरी पडवीत खाटेवर होता.

“या या, भाऊ! आज वाट कशी काय चुकला? च्या ठिव गं.”

“चहा नको,” मी म्हणालो. “आधी हे पाहा.”

त्याने फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला. “ह्यो तर... ह्यो आमचा हत्ती. सोंडंवाला. ह्यो कुठनं आणला?”

ती हात न धुताच उठून आली. चिंचेचे हात मागे घेऊन तिने मान वाकवून पाहिले. बराच वेळ पाहिले.

“हळद हाय,” ती म्हणाली. “सोंडंत. तवा निघाली न्हाई ती. म्या काडीनं काढाय गेले व्हते, मग म्हनलं ऱ्हाऊ दे.”

“वहिनी,” मी म्हणालो, “तुम्ही विचारलं होतं, हत्ती कसा होता. असा होता. नाणं मी धुतलं.”

शेतकऱ्याचा हात फोटोसकट खाली आला. तो काही बोलण्याआधी तीच बोलली. माझ्याकडे तिने पहिल्यांदा सरळ पाहिले, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, दयाही नव्हती.

“तुमी लई हळू बोलता, भाऊ,” ती म्हणाली. “आत्याबाईस्नी ऐकू येत न्हाई. त्यास्नी ऐकू जाईल असं सांगा.”

आतला हात उंबऱ्यावर तसाच थांबला होता, पुढच्या भांड्यासाठी. मी पायऱ्या चढून देवघराच्या दाराशी गेलो. आयुष्यात मी कधी ओरडलो नव्हतो. आवाज फाटला, शेजारच्या अंगणातले लोक वळून पाहू लागले.

“आजी, हत्ती सुनेनं धुतला नाही! मी धुतला! चिंचेच्या पाण्यात, माझ्या हातानं! तिची शपथ खरी होती, खोटं मी बोललो! चौदा वर्षं बोललो! वहिनी, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा.”